कापलेलं पाणी

६ फेब्रुवारी

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राग गिळत जाऊ नका. दुसऱ्यावर काढतही जाऊ नका. लिहून काढत जा." म्हणून ही वही. ऑफिसने कधीतरी वाटलेली जुनी डायरी आहे, तिच्यातल्या तारखा खोडून मी नव्या घालतोय. हिने विचारलं, रोज लिहिणार का? म्हटलं, राग रोज येतो, मग रोजच लिहावं लागेल. ती म्हणाली, मग एक वही पुरायची नाही.

पहिला राग साहेबांचा. समुद्रातल्या नव्या तेलविहिरीचा अहवाल त्यांना दहा दिवसांत हवा. खोदायची रिग भाड्याने घेऊन बसलेत, ती रिकामी उभी राहिली की वरून त्यांना फोन येतात आणि ते फोन ते माझ्याकडे वळवतात. तेल तिथं आहे की नाही याचा अजून पत्ता नाही, पण वरच्या मजल्यावर ते कुठल्या बंदरात उतरवायचं यावर वाद चाललाय. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

माझं काम चार वाक्यांत मावतं. सर्वेक्षणाचं जहाज पाण्यात आवाज सोडतं. तो समुद्राच्या तळाखाली जातो, गाळाच्या थरांवर आपटून परत येतो, आणि त्या प्रतिध्वनींचं चित्र तयार होतं. नद्यांनी लाखो वर्षं आणून टाकलेला गाळ, एकावर एक, खाली खाली. खोलवर तेल शोधणारी हुशार मंडळी दुसऱ्या मजल्यावर बसतात. मी तळमजल्यावर. तेलापर्यंत पोचण्याआधी जी पहिली पाचशे मीटर माती लागते ती धोक्याची आहे की नाही, एवढंच मी सांगतो. माझी सही नसेल तर खोदणारं बिट पाण्यात उतरत नाही. एकतीस वर्षांत एकदाही चुकलेलो नाही.

दुसरा राग चिकटचा. दीड वर्षापूर्वी माझ्या हाताखाली दिलेली मुलगी. एक प्रश्न धरला की सोडत नाही, म्हणून मी हे नाव ठेवलं. आता अख्खा तळमजला तिला तसंच म्हणतो, तिच्यामागे.

तिसरा राग आठवला की लिहीन.

९ फेब्रुवारी

नव्या सर्वेक्षणाच्या टेपा आल्या. चिकटने त्या कॉम्प्युटरवर भरून दिल्या. काम नीटनेटकं करते, हे मान्य करायला हवं.

चित्रं पडद्यावर घेतली आणि नेहमीप्रमाणे आधी वरचं पाणी कापलं. सातशे मीटर नुसतं पाणी, त्यात बघायचं काय? कागदाचे दिवस होते तेव्हा मी खरोखर कात्री घेऊन बसायचो. समुद्रतळाच्या बोटभर खालून कापायचं, म्हणजे गुंडाळी हलकी होते आणि टेबलावर दोन चित्रं जास्त मावतात. आता कात्री लागत नाही, तळाच्या किंचित खालून एक रेघ ओढली की वरचं सगळं नाहीसं होतं. "पाण्यात तेल नसतं" हे माझं वाक्य या मजल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशीच ऐकायला मिळतं.

तळापासून अडीचशे मीटर खाली एक ठसठशीत लाल रेघ आहे. आमच्याकडे लाल म्हणजे टणक आणि निळा म्हणजे मऊ. तेव्हा हा शिंपल्यांच्या चुन्याचा जुना थर असणार. पंधरा वर्षांपूर्वी शेजारच्याच भागात असा थर मी हाताने रंगवला होता. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं आणि आज पहिल्यांदा दुपारचा डबा चवीने खाल्ला.

या विहिरीवर ड्रिलर म्हणून आमचे मेव्हणे जाणार आहेत. हिला अजून सांगितलेलं नाही. तोच सांगेल, त्याला हवा करायला आवडतं.

१२ फेब्रुवारी

आज रक्तदाब नक्की वाढला असेल.

चिकट खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. "सर, ही लाल रेघ बाकीच्या थरांना कापून जातेय. गाळाचा थर दुसऱ्या थराला असा कापत नाही ना?"

"तुझं पुस्तक वाचून गाळ टाक, असं समुद्राला कुणी सांगितलेलं नाही."

"बर्फाची खालची कड असेल तर?"

बर्फ म्हणजे गॅसचा बर्फ. खोल समुद्रात थंडी आणि दाब इतका असतो की गाळातलं पाणी आणि गॅस मिळून गोठतात. आणखी खाली जावं तशी जमीन कोमट होत जाते, तिथं हा बर्फ टिकत नाही, आणि गॅस मोकळाच राहतो, वरच्या बर्फाच्या झाकणाखाली कोंडून. त्या झाकणाला भोक पाडणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. मी म्हणालो, "खाली गॅस असता तर रेघ निळी दिसली असती. गॅस मऊ. ही लाल आहे. संपलं."

"पण या टेपांमध्ये लाल म्हणजे टणकच, हे कुणी तपासलंय? समुद्रतळ कुठल्या रंगाचा आहे?"

माझंच ज्ञान मला शिकवत होती. समुद्रतळ पाण्यापेक्षा टणक असणारच, म्हणून नवं सर्वेक्षण आलं की आधी तळाचा रंग बघायचा. लाल असेल तर चिन्ह सरळ आहे, निळा असेल तर सगळं उलटं वाचायचं. पहिल्याच आठवड्यात मी तिला हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. म्हटलं, "एकतीस वर्षं हेच बघतोय. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही."

"सर, चित्रात तळ नाहीच आहे. तुम्ही कापलाय."

"पाण्यात तेल नसतं," मी म्हणालो. पलीकडचे दोघे हसले. ती हसली नाही, खुर्ची जागेवर ठेवून गेली. उथळ पाण्याला खळखळाट फार. हे लिहून बरं वाटलं, डॉक्टरांना अक्कल आहे.

१३ फेब्रुवारी

माझ्या पडद्यावर चिठ्ठी चिकटवलेली. "टेपेच्या सुरुवातीच्या माहितीत चिन्ह उलटं असल्याचा उल्लेख दिसतो. वरचं पाणी परत लावून तळाचा रंग बघावा, ही विनंती." खाली सही आणि तारीख. मला मेल पाठवत जाऊ नकोस, असं मागे मीच सुनावलं होतं. म्हणून आता चिठ्ठ्या.

बघणार होतो. चिठ्ठी खणात टाकली आणि बसतो न बसतो तोच साहेबांचा फोन आला. पाऊण तास त्यात गेला. मग नकाशे, मग खोलीचे तक्ते. टेपांवर असले उल्लेख शंभर असतात, सर्वेक्षणवाले जुनाच मजकूर उचलून नव्या टेपेवर टाकतात.

१७ फेब्रुवारी

सही केली. "अडीचशे मीटरवर टणक थर. खोदाई मंदावेल. गॅसचा धोका नाही. आधी बारीक चाचणीचं भोक पाडण्याची गरज नाही." साहेबांनी स्वतः खाली येऊन हात मिळवला. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांदा.

संध्याकाळी मेव्हणे जेवायला. तसा तो आमच्याकडेच असतो, पण उद्या निघायचं म्हणून आज ते "जेवायला" झालं. लग्न होऊन ही घरात आली तेव्हा तिच्या बोटाला धरून नऊ वर्षांचा हाही आला. आई गेलेली, वडिलांना झेपेना. आज सदतीस वर्षांचा आहे आणि अजून ही त्याच्या बॅगेत मोजे मोजून घालते. आम्हाला मूल झालं नाही, त्याची बोच कमी लागली ती याच्यामुळे. त्याला रिगवर मीच चिकटवला. आधी हातोडी धरायला घाबरायचा, आता अख्खं यंत्र त्याच्या एका हाताखाली चालतं.

"भावोजी, आमचं भोक पास केलंत का?"

"केलं. अडीचशेला टणक थर लागेल, बिट रेंगाळेल. दम धर, शिव्या देऊ नकोस."

"देणार. तुम्हालाच देणार. तिथून तुम्हाला थोडंच ऐकू येतंय."

"मला येईल," ही आतून म्हणाली. "भावोजींना काही बोललास तर परत आल्यावर बघते."

"ताई, तू कुणाची बहीण आहेस नक्की?"

जेवताना त्याने गॅसच्या बर्फाबद्दल विचारलं, खरंच पेटतो का. म्हटलं, काडी लावली तर पेटतो, हातात घेतला तर विरघळतो. त्याला फार मजा वाटली. म्हणाला, एक तुकडा आणतो, ताईच्या गॅसला पर्याय. छान गेली संध्याकाळ.

२५ फेब्रुवारी

घर रिकामं. ही दोनदा तीन ताटं घेऊन बसली.

ऑफिसात चिकट एकदम गप्प आहे. विचारलं की बोलते, एरवी नाही. प्रश्न विचारत होती तेव्हा राग यायचा, आता विचारत नाही त्याचा येतो. माझं मलाच कळत नाही.

२ मार्च

दुपारी पाऊणला साहेबांनी वर बोलावलं. दार लावून घेतलं. रिगवर आग. माणसं काढताहेत. नावं अजून आलेली नाहीत.

मी घरी आलो. हिला सांगितलं. फोन मधे ठेवून दोघं बसलोय.

३ मार्च

चौऱ्याऐंशी माणसं वाचली. तिघं सापडत नाहीत. तो त्या तिघांत आहे.

८ मार्च

शोध थांबवला. तसं पत्र आलं, दोन ओळींचं. हिने ते दोनदा वाचलं, घडी केली आणि विचारलं, "थांबवला म्हणजे उद्यापासून नाही, की आजपासूनच?" मग ती त्याच्या खोलीत गेली आणि पलंगावरची चादर बदलली. ती स्वच्छच होती.

मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. बसलो नाही. दारात उभा राहिलो.

१० मार्च

चौकशी समिती नेमली. चार जण, बाहेरचे. ऑफिसात कुजबूज आहे की उथळ गॅस लागला असणार. माझ्या थरातून गॅस येत नाही, तो टणक आहे. खोदाईवाल्यांनीच काहीतरी घोळ घातला असेल, भोकातला गॅस दाबून धरणारा चिखल, म्हणजे मड, हलका ठेवला असेल, आणि आता अहवालाकडे बोट दाखवताहेत. नाचता येईना, अंगण वाकडं. लिहिल्यावर लक्षात आलं की खोदाईवाला म्हणजे तो. खोडत नाही, पण मला तसं म्हणायचं नव्हतं.

१२ मार्च

रिगवरचा सिमेंटवाला भेटायला आला होता. हात कोपरापर्यंत बांधलेला. चहाला हात लावला नाही. ही म्हणाली, तुम्ही बघितलंत ते सगळं सांगा, काही वगळू नका. तो सांगत गेला, खाली बघत.

"आम्ही सहाजण फ्लोरवर होतो. यंत्राचा ब्रेक त्याच्या हातात होता. गप्पा चालल्या होत्या. मधेच तो बोलायचा थांबला. मग म्हणाला, तुम्ही तिघं खाली जा, मागच्या बाजूला, होड्यांकडे. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, आधी जा, मग सांगतो. दोघांना पंपावर ठेवून घेतलं, जड मड सोडायला. आम्ही जिना उतरलो आणि समुद्र पांढरा झाला, ताई. रिगच्या चारी बाजूंनी नुसता फेस. मग आग लागली. त्याने पाठवलं नसतं तर मीही वरच असतो."

नंतर म्हणाला, "खोदायच्या आधी दोघातिघांचं म्हणणं होतं की बारीक भोक पाडून बघू, एक दिवस जाईल. अहवालात गरज नाही म्हटलंय, पण बघू. यानेच सगळ्यांना गप्प केलं. म्हणाला, अहवाल आमच्या भावोजींचा आहे. त्यांनी सही केली म्हणजे आपण झोपेत खोदायचं."

हिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "किती विश्वास होता हो त्याचा तुमच्यावर."

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी बरं वाटलं.

१९ मार्च

समितीने सगळी चित्रं पूर्ण मागितली, पाण्याच्या पृष्ठभागापासून, काही न कापता. छपाईला पाठवण्याआधी मी ती पडद्यावर घेतली. कापायची रेघ काढून टाकली. पाणी परत आलं. पाण्याच्या खाली समुद्रतळ आला.

तळ निळा आहे.

मी चष्मा पुसला. दुसरं चित्र घेतलं, तिसरं घेतलं. सगळीकडे निळा. म्हणजे या टेपांमध्ये टणक ते निळं आणि मऊ ते लाल. माझी लाल रेघ मऊ आहे. आणि वर तळ दिसायला लागल्यावर कुणालाही दिसेल, शाळेतल्या मुलालाही, की ती रेघ तळाला समांतर चाललीय. तळ उचलला तिथं उचलते, बसला तिथं बसते. गाळाचा थर असा वागत नाही. बर्फाचं झाकण असं वागतं. ते झाकण आहे आणि खाली गॅस आहे. हे तिथं ९ फेब्रुवारीला होतं. मी ते बघायच्या आधी वरचा तळ कापून टाकला होता.

चिकट जेवायला गेली होती. पडदा बंद केला. छपाईचा कागद संपलाय, असं समितीला कळवलं.

२० मार्च

कुणी नुसतं "अहो" म्हटलं तरी हात पडदा बंद करायला जातो. चोराच्या मनात चांदणं.

साहेब म्हणाले, "चित्रं मी पाठवली, तुम्ही दगदग करू नका, तुमच्या घरात दुःख आहे. समितीला टेपेवरचा तो उल्लेख सापडलाय. टेप ज्याने भरली त्याने तो वर कळवायला हवा होता. साधी गोष्ट आहे." मी खाली येऊन माझ्या जागी बसलो. ज्याने भरली म्हणजे कोण, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

२३ मार्च

उद्या समितीवाले खण आणि कपाटं सील करणार आहेत. खणातली ती चिठ्ठी घरी आणली आणि या वहीत ठेवली. तिथं गडबडीत गहाळ झाली असती.

२५ मार्च

चिकट जिन्यात थांबली होती, माझीच वाट बघत.

"सर, मी त्यांना सांगितलं की मी चिठ्ठी लावली होती. ते म्हणाले, दाखवा. तुमच्या खणात सापडली नाही. तुम्ही पडद्यावरून काढलेली मी बघितली होती. तुम्हाला आठवतं का?"

मी म्हणालो, "तेव्हा इतके कागद होते. आठवत नाही."

दीड वर्षात पहिल्यांदाच तिने धरलेला प्रश्न सोडून दिला. "बरं सर," म्हणाली आणि उतरून गेली. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण घशात नाही खवखवत, सगळीकडे खवखवतं.

घरी आल्यावर हिने विचारलं, चौकशीचं काय? म्हटलं, चाललीय. ती म्हणाली, "ज्याच्या चुकीने झालं त्याचं तोंड मला एकदा बघायचंय." माझं ताट वाढून ती पलीकडे बसली.

२८ मार्च

चिकटला निलंबित केलं. तिने टेबल आवरलं. एक पाण्याची बाटली, दोन पुस्तकं, आणि पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर काढलेल्या आकृतीचा तिने काढलेला फोटो, छापून काचेखाली ठेवलेला. तो तिने काचेखालून काढून घेतला. पलीकडचे दोघे पडद्यात तोंड घालून बसले होते. मीही.

इतकी वर्षं मला वाटायचं की मी तापट आहे, खडूस आहे, पण माणूस सरळ आहे. आज कळलं की राग येणं आणि सरळ असणं यांचा काही संबंध नाही. मी भित्रा आहे. मला त्याच्या जाण्याचं दुःख आहे, खरंच आहे, रात्रंदिवस आहे, आणि त्या दुःखाआड मी लपून बसलोय, कारण दुःखात असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

३० मार्च

सकाळी समितीकडे गेलो. बोलावणं नव्हतं. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. पाणी मी कापलं. मुलीने दोनदा विचारलं, एकदा तोंडी, एकदा लिहून. तळ मी बघितला नाही. एकोणीस तारखेला बघितला आणि गप्प बसलो. चिठ्ठी मीच नेली होती.

त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?" मग त्यांनीच रिगवरच्या आगीतून वाचलेली खोदाईची नोंद माझ्यापुढे सरकवली. दर मिनिटाला बिट किती खाली गेलं, त्याची पट्टी. म्हणाले, "तुम्ही जाणकार आहात. वाचा."

टणक थरात बिट रेंगाळतं. पट्टीवर दहा वाजून एक्केचाळीस मिनिटांपर्यंत सगळं संथ होतं. तिथं बिट एकदम सुसाट सुटलं होतं, लोण्यात गेल्यासारखं. ब्रेकवर ज्याचा हात असेल त्याला ते हातालाच कळतं, काटा बघावा लागत नाही. टणक थराच्या जागी मऊ लागलं म्हणजे अहवाल उलटा आहे आणि खाली गॅस आहे. बिट थांबवलेलं दिसत होतं, लगेच जड मड सोडलेला दिसत होता. त्याने सगळं बरोबर केलं होतं. गॅस वर पोचला तो दहा चव्वेचाळीसला.

बाहेर आल्यावर चिकटला फोन केला. तिचं नाव घेऊन बोललो. सांगून टाकलं. ती म्हणाली, "सर, मी चिठ्ठीवर थांबायला नको होतं. वर साहेबांकडे जायला हवं होतं. तुम्ही चिडाल म्हणून गेले नाही." काही हरकत नाही, असं ती म्हणाली नाही. मी तशी अपेक्षाही धरली नव्हती. फोन तिनेच ठेवला.

घरी आलो तेव्हा ही त्याचे शर्ट इस्त्री करत होती. म्हटलं, ते बाजूला ठेव, बस. ती बसली नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं, क्रमाने, काही न वगळता. लाल आणि निळं तिला समजावं म्हणून दोनदा सांगितलं. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली.

मग विचारलं, "त्याला कळलं असेल का? की तुमचं चुकलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. तिने पट्टी बघितली नव्हती आणि कधी बघणारही नव्हती. मी म्हणालो, "हो. कळलं. म्हणून तर त्याने तिघांना खाली पाठवलं."

"कधी कळलं?"

"गॅस वर यायच्या तीन मिनिटं आधी."

ती माझ्याकडे बघत होती. तिला एकदा तोंड बघायचं होतं, ते ती बघत होती. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

"त्याला तीन मिनिटांत कळलं," ती म्हणाली. "तुम्हाला महिना लागला. आणि कळल्यावर मला सांगायला अकरा दिवस."

शर्ट उचलून ती त्याच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलोय. मघाशी एकदा हाक मारली. आतून कपाट उघडल्याचा, हँगर सरकवल्याचा आवाज येतो, म्हणजे ती ऐकतेय. उत्तर देत नाही.